गाडीला चक्क्यांचे दोन सेट ठेवले, दोन पावसाळे काढले, आता सांगतो

लोकं विचारून राहिले म्हणून लिहितो. कॉलनीत माझी ओळख आता 'जिन्याखाली चक्के ठेवणारे' अशी झाली आहे आणि दर मृगाला कोणी ना कोणी फाटकापाशी उभं राहून विचारतंच, काऊन भाऊ, चांगले टायर काऊन काढून राहिले? तर एकदाचं सगळं टाइप करून टाकतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

गाडी मारुतीची जिम्नी, पाच दरवाज्यांची, अल्फा हे वरचं मॉडेल, मॅन्युअल, २०२३ ची. नोकरी नागपुरात, आणि काटोलकडे आमची संत्र्याची बाग, घरापासून बांधापर्यंत ५८ किलोमीटर. त्यातले ५६ डांबर आणि सिमेंट, शेवटचे दोन पांदण, म्हणजे शेतात जाणारी मातीची वाट. हा सगळा खटाटोप त्या शेवटच्या दोन किलोमीटरसाठी आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे पांदण नाही त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

दोन सेटचं खूळ डोक्यात घातलं मामेभावाने. तो स्टुटगार्टला असतो. तिकडे थंडीचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे, आणि बहुतेक लोकं नुसते टायर नाही तर रिमसकट अख्खा दुसरा सेट ठेवतात. तिथे म्हणच आहे, 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, ओस्टर्न म्हणजे ईस्टर, तेवढे महिने विंटर टायर. रस्त्यावर बर्फ असताना साध्या टायरवर पकडला गेलात तर ६० युरो दंड आणि वरून लायसन्सच्या खात्यात एक पॉइंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरच्या कडेवर डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह असेल तरच तो विंटर टायर धरतात, नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेलं चालत नाही. मला सगळ्यात मजा आली ती हे ऐकून की ज्यांच्या घरी जागा नाही ते दुसरा सेट दुकानातच ठेवायला देतात आणि त्या सोयीला म्हणतात राइफनहोटेल, टायरचं हॉटेल! आई म्हणाली, तिथे टायरची पण सोय होते, इथे पाहुणा आला तर कूलर कोणत्या खोलीत लावायचा याच्यावर भांडणं.

त्यांचं कारण सरळ आहे. पारा ७ डिग्रीच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक पडतं, पकड जाते. विंटर टायरचं रबर वेगळं, त्यात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त, म्हणून ते गारठ्यातही मऊ राहतं, आणि गुटक्यांवर, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्यांवर, बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. पण तेच टायर उन्हाळ्यात चालवले तर खोडरबरासारखे झिजतात आणि ब्रेकही लांब लागतो. म्हणून दोन सेट. आता ७ डिग्रीचा हिशोब लावला तर २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ झालं होतं, म्हणजे त्या सकाळी आपल्यालाही विंटर टायर लागले असते, एक दिवसासाठी. बाकी वर्षभर आपलं उलटंच, २३ मे २०१३ ला ४७.९. तेव्हा विंटर टायर भारतात मागवायचे वगैरे कोणी सुचवत असेल तर त्याला थंड पाणी द्या. मी त्यांचे टायर नाही उचलले, त्यांची पद्धत उचलली. मृग ते दसरा एक सेट, दसरा ते मृग दुसरा.

याची गरज का पडली तो किस्सा ऑगस्ट २०२३ चा. गाडी घेऊन दोन महिने झाले होते. बागेत आंबिया बहाराची फळगळ सुरू झालेली, फवारणीचं औषध घेऊन जायचं होतं, रात्रभर झड लागलेली. फोर-बाय-फोर आहे ना, या भरवशावर पांदणीत घातली. काळी जमीन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो, ती माती ओली झाली की कणकेसारखी टायरला चिकटते, दहा-पंधरा फेऱ्यांत टायरच्या सगळ्या खाचा भरतात आणि मग तुमच्याकडे टायर नसतोच, चार गुळगुळीत मातीचे गोळे असतात. इंजिन चारही चक्के फिरवतंय, चक्के गरगर फिरतायत आणि गाडी जागेवरच बसत चालली आहे. दोष गाडीचा नाही, कंपनीने दिलेले १९५/८० आर १५ चे ड्युएलर एच/टी हायवेसाठी उत्तम टायर आहेत, माझी अक्कल कमी पडली. शेवटी बाजूच्या शेतातले काका बैलजोडी घेऊन आले. पंधरा लाखाची गाडी दोन बैलांनी ओढली आणि माझ्याच पोट्ट्याने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. काका दोर सोडताना म्हणाले, 'गाडी मस्त हाये तुमची, पण हिच्या पायात चपला हायेत. गाऱ्यात चपला चालते का?'

तेव्हापासून आमच्या घरी एका सेटचं नाव चपला आणि दुसऱ्याचं गमबूट.

गमबूट म्हणजे एटी टायर, ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठी. पूर्ण मड टायर का नाही घेतले असं विचाराल, तर मला त्या दोन किलोमीटरसाठी बाकीचे ५६ किलोमीटर कानात भुंगा घालून घ्यायचा नव्हता. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण जे बोलायचं आहे ते एटी या प्रकाराबद्दल आहे आणि ते सगळ्यांना थोडंफार लागू होतं. साइज घेतली २१५/७५ आर १५. मूळ टायरचा व्यास साधारण ६९३ मिलिमीटर, याचा ७०३, म्हणजे दीड टक्का मोठा. मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८१ च्या पुढे असते, याने काही बिघडत नाही. पण या दीड टक्क्याने मला दुसरीकडे छळलं, ते खाली येईल.

खरी गंमत रिमची. माझ्या अल्फाला अलॉय आले होते. झेटा, म्हणजे अल्फाच्या खालचं मॉडेल, घेणाऱ्यांना स्टील रिम मिळायचे आणि त्यातले बरेचजण महिन्याभरात अलॉय टाकून स्टील विकून टाकतात. असे चार काळे रिम मला जवळपास कोरे मिळाले, १,८०० ला एक. बोल्टचं अंतर तेच, मधलं भोक तेच, कंपनीचेच असल्यामुळे काही स्पेसर-बिसर नाही. ज्याला कोणाला दोन सेट करायचे आहेत त्याने हे डोक्यात पक्कं ठेवा की रिम दुसरे नसतील तर हा उद्योग करूच नका. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवायचा-चढवायचा म्हणजे दर वेळी मशीनवर टायरची कड ताणली जाणार, अलॉयवर चरे पडणार, पुन्हा बॅलन्सिंग करा, अर्धा दिवस दुकानात बसा. रिमसकट सेट असेल तर नुसते वीस नट.

आता दुकानांबद्दल, कारण खरा रिव्ह्यू त्यांचाच व्हायला पाहिजे.

पहिल्या दुकानात गेलो, नाव नाही सांगत, एसी, काचेचं दार, सोफा, कॉफी. टायर काढून दाखवले, भाव पण बरा सांगितला, मला वाटलं आज मुहूर्त चांगला आहे. मग टायरच्या कडेवर चार आकडे शोधले, तो पोरगा म्हणाला, सर ते कंपनीचं काही असतं. कंपनीचं काही नसतं हो, ती जन्मतारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे होतं ३८२१. म्हणजे २०२१ चा सप्टेंबर, आणि मी उभा होतो मे २०२४ मध्ये. पावणेतीन वर्षं तो टायर गोदामात, आणि आपल्या इकडचं गोदाम म्हणजे पत्र्याचं, मे महिन्यात आत भट्टी. मी म्हटलं ताजे द्या, तर म्हणे टायरला एक्सपायरी नसते सर. भाव कमी करा म्हटलं तर तेही नाही. कॉफी मात्र पिऊन निघालो, चांगली होती.

दुसरं दुकान वाडीला, अमरावती रोडवर, जिथे ट्रकवाले जातात. सोफा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर मालकाचा डबा. पण टायर १४२४ चे निघाले, एप्रिल २०२४, जेमतेम दीड महिन्याचे. आणि या माणसाने एक गोष्ट केली त्यावर मी फिदा झालो. रिम लावायच्या आधी नट हाताने फिरवून पाहिले, प्रत्येक, नटाचा तिरपा भाग रिमच्या खोबणीत नीट बसतो की नाही ते. मग नट आवळायच्या मशीनने, म्हणजे गनने, आवळले नाहीत. गनने नुसते टेकवले, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने (किती आवळायचं ते त्यावर ठरवता येतं), समोरासमोरचे आळीपाळीने, टक आवाज येईपर्यंत. ट्रकच्या दुकानात टॉर्क पाना पाहून मला भरूनच आलं जवळपास. वर म्हणाला, भाऊ, शे-पन्नास किलोमीटर चालवून परत या, फुकटात चेक करून देतो. मामेभाऊ सांगतो की जर्मनीत चक्के बदलले की हेच छापलेला कागद हातात देतात, ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. वाडीच्या माणसाने कागद नाही दिला, तोंडी सांगितलं, एवढाच फरक.

हे नटाचं मी इतकं का लावून धरलं, तर आधी एकदा शहरातल्या एका सर्व्हिसवाल्याने गनने असे आवळले होते की फेटरीच्या पुढे पंक्चर झालं आणि गाडीतल्या पान्याने एकही नट हलेना. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या, बायको टॉर्च धरून हसत होती, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याकडे लांब पाइप मिळाला तो पान्यात घालून नट सुटले. गनवाल्याला वाटतं जितकं घट्ट तितकं सुरक्षित, आणि नटावर उड्या आपण मारायच्या.

बरं, गमबूट पांदणीत कसे? एका शब्दात सांगायचं तर पोचवतात. चमत्कार नाही. काळी माती एटीच्या खाचांमध्ये पण भरते, पण खाचा रुंद असल्यामुळे थोडा वेग मिळाला की माती फेकली जाते आणि टायर पुन्हा टायर होतो. जुलै २०२४ मध्ये त्याच जागी, जिथे बैल लागले होते, हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चक्क्यांना जास्त ताकद देणाऱ्या हळू गिअरमध्ये, काढली आणि निघाली. काका बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, ती मला सर्व्हिस सेंटरच्या सगळ्या स्टारपेक्षा मोठी. हवा उतरवली की टायर पसरतो आणि मातीवर जास्त जागा धरतो म्हणून फायदा होतो, पण पांदणीतून वर आल्यावर ती परत भरायला विसरायचं नाही, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीतच ठेवतो. आणि सलग तीन दिवसांची झड असेल तर मी जातच नाही, अशा चिखलात ट्रॅक्टर सुद्धा विचार करतो.

डांबरावर आलं की मात्र दुखणी सुरू. ६० च्या पुढे एक घोंघों आवाज, पहिल्या आठवड्यात बायकोला वाटलं बेअरिंग गेलं. मायलेज १५ वरून १३ वर आलं, स्टील रिम आणि एटी मिळून एकेक चक्का चांगलाच जड होतो, उचलला की कळतं. स्टेअरिंग जरा ढिलं वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल एटीचे भक्त बोलत नाहीत, ओल्या सिमेंट रोडवर ब्रेक लांब लागतो. नागपुरात आता गल्लीबोळ सिमेंटचे झाले, पहिल्या पावसात त्यावर धूळ आणि ऑइलचा पातळ लेप तयार होतो, तिथे सिग्नलला मी एकदा झेब्रावर जाऊन थांबलो तेव्हा समजलं. पावसाळ्यासाठी घेतलेला टायर शहराच्या पावसात चपलांपेक्षा वाईट आहे, हे गिळायला जड जातं पण तसंच आहे. पावसात फक्त शहरातच गाडी फिरवणाऱ्याने, शोरूममध्ये फोटो कितीही भारी दिसला तरी, एटी टायर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. सप्टेंबरमध्ये गाडी ७० ला थरथरायला लागली, स्टेअरिंग हातात नाचतंय. एका दुकानात बॅलन्सिंग करून घेतलं, ८०० रुपये, दोन दिवस बरं, परत तेच. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे सस्पेन्शन दाखवा, बुश गेले असतील, अंदाजे सहा-सात हजार. घरी येताना रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्या चाचांकडे हवा भरायला थांबलो, त्यांना सहज सांगितलं. ते खाली वाकले, रिमच्या आतल्या बाजूला बोट घातलं आणि म्हणाले, 'बॅलन्सिंग का कुछ नै है भाऊ, मिट्टी है अंदर.' मोठा स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी आतून काळ्या मातीचा एक तुकडा काढला, जाड भाकरीचा चतकोर असतो ना तेवढा, वाळून दगड झालेला. चारही चक्क्यांतून मिळून अर्धं घमेलं माती निघाली. वीस रुपये घेतले, तेही हवेचे. त्या दिवसापासून पांदणीतून आलो की रिमच्या आत पाण्याचा पाइप मारणे हे माझं काम, आणि ज्या दुकानाने चक्का फिरवून, वजनं चिकटवून, आत न बघताच पैसे घेतले तिथे पुन्हा गेलो नाही.

आता चपलांबद्दल, म्हणजे दसरा ते मृग. खरं तर आपल्या नागपूरचा विंटर टायरवाला प्रॉब्लेम म्हणजे उन्हाळा. बागेत तेव्हा चिखल नाही, पांदण सिमेंटसारखी कडक, गाडी जास्त करून हायवेवर, आणि भाऊ संभाजीनगरला असल्यामुळे समृद्धीवर महिन्यातून एक चक्कर. समृद्धीवर हलक्या गाड्यांना १२० ची मर्यादा, तासन् तास एकाच वेगात, खाली तापलेलं काँक्रीट. तिथे टायर फुटण्याच्या इतक्या गोष्टी झाल्या की २०२३ मध्ये आरटीओने टायर तपासणीच सुरू केली, गोटा झालेल्या टायरवाल्यांना पुढे सोडत नव्हते. अशा रस्त्यावर हायवेचाच टायर पाहिजे, जड गुटक्यांचा नको, कारण जाड गुटके जास्त हलतात आणि जास्त तापतात.

पण इथे हवेबद्दलचा जो घोळ आहे तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेट्रोल पंपावर गेलं की पोट्टा म्हणतो, साहेब उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमी ठेवतो, नाही तर फुटते. अर्धं नागपूर हे खरं मानतं, माझे सासरे मानतात, त्यांच्याशी वाद घालून मी दोनदा जेवण थंड केलंय. आहे उलटं. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेरीत जास्त वाकतात, वाकून वाकून तापतात, आणि तापून तापून आतले थर सुटतात, मग फुटतो. गरम झाल्यावर हवा वाढणारच, साधारण सहा डिग्रीमागे एक पीएसआय, ते कंपनीने धरलेलं असतं. मी एप्रिलमध्ये सकाळी सहाला घरून २९ भरून निघालो, दीडशे किलोमीटरवर थांबून पाहिलं तर ३४. तिथला माणूस लगेच काढायला निघाला, मी हात धरला. गरम टायरची हवा काढायची नाही, सकाळी गार असताना ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर जो आकडा आहे तो भरायचा आणि सोडून द्यायचं. नायट्रोजन भरा की साधी भरा, तुमची मर्जी, आकडा बघा फक्त. स्वतःचं गेज घ्या, पंपावरच्या मशीनवर माझा विश्वास तेवढाच आहे जेवढा २०२४ च्या मे महिन्यात नागपूरचं तापमान ५६ डिग्री असं चुकीचं दाखवणाऱ्या रामदासपेठेतल्या त्या सेन्सरवर होता.

राहिला प्रश्न ठेवायचे कुठे. आपल्याकडे राइफनहोटेल नाही. वाडीवाल्याला विचारलं, महिन्याचे पैसे देतो, ठेव, तर तो म्हणाला, भाऊ माझेच टायर मी रस्त्यावर ठेवून राहिलो. म्हणून पहिल्या वर्षी चपलांचा सेट गच्चीवर ठेवला, ताडपत्री टाकून, उभे. तीन चुका एकदम. एक तर ऊन आणि गच्चीची धग, रबराचे दोन्ही वैरी. दुसरं, रिमसकट चक्का उभा ठेवायचा नसतो, आडवा एकावर एक किंवा टांगून, उभे ठेवायचे ते बिनरिमचे नुसते टायर. आणि तिसरं, ताडपत्री वाऱ्याने सरकली, पावसाचं पाणी टायरच्या कडेत साचलं, आणि ऑगस्टमध्ये महानगरपालिकेचे लोक डेंग्यूच्या तपासणीला आले. कूलर रिकामा होता, ते खुश झाले, मग त्यांनी ताडपत्री उचलली. टायरमध्ये अळ्या वळवळत होत्या, त्यांनी बॅटरी मारून मला दाखवल्या, शेजारच्यांनाही दाखवल्या. बायको त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आता दोन्ही सेट आळीपाळीने जिन्याखाली. धुऊन, वाळवून, हवा थोडी कमी करून, खाली लाकडाची फळी, वर जुनी चादर. कोणता चक्का कुठला होता ते खडूने आतल्या बाजूला लिहून ठेवतो, 'पु डा', 'मा उ', म्हणजे पुढच्या वेळी पुढचे मागे टाकता येतात. पाण्याची मोटर त्याच कोपऱ्यात होती, ती दुसरीकडे हलवायला लागली, कारण मोटरच्या ठिणग्यांनी जो ओझोन तयार होतो त्याने रबराला चिरा जातात. चक्क्यांवर आता सांडग्यांचे आणि पापडांचे डबे आले आहेत, जागा दिसली की आमच्या घरी डबा येतोच.

पैशाचं. चार रिम ७,२००, चार टायर ३४,४००, बसवणं आणि बॅलन्सिंग १,६००, म्हणजे ४३,२००. टायरवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला, माझे घेऊन झाल्यावर, अर्थातच. वर्षातून दोनदा चक्के बदलायचे ८०० रुपये, वाडीला, अर्ध्या तासात, समोर तर्री पोह्याची गाडी असल्यामुळे तो अर्धा तास जातोही चांगला. लोकं म्हणतात दोन सेट म्हणजे दोन्ही दुप्पट टिकतात, मग खर्च शून्यच झाला. कागदावर बरोबर आहे. पण माझी गाडी वर्षाला १४,००० चालते, त्यातले ९,००० चपलांवर आणि ५,००० गमबुटांवर, आणि टायर फक्त झिजून जात नाही, वयानेही जातो, पाच-सहा वर्षांत रबर कडक पडतं, आपल्या उन्हात लवकरच. माझे एटी अर्धे झिजायच्या आधी म्हातारे होणार आहेत. म्हणजे पैसे वाचत नाहीत. मी ४३,००० देऊन पावसाळ्यात माझ्या बागेपर्यंत जायची सोय विकत घेतली, आणि फळगळीच्या दिवसांत वेळेवर फवारणी झाली की त्याचा हिशोब मला टायरच्या खात्यात मांडायची गरज वाटत नाही.

वाडीच्या दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण रविवारी सांगतात सकाळी नऊला या आणि शटर उघडतं साडेदहाला. दोन सेटच्या कल्पनेला पाचपैकी चार, पांदणवाल्यांसाठी. शहरवाल्यांसाठी एक, आणि तो एक पण जिन्याखाली जागा असेल तरच.

आता तो दीड टक्का. मी सेट चारचा घेतला, पाचवा नाही, ४३ वरून ५४ हजार होत होते म्हणून हात आखडला. स्टेपनी मागे टांगलेली तीच मूळ साइजची. गेल्या सप्टेंबरमध्ये पांदणीच्या मध्यावर बाभळीचा काटा मागच्या डाव्या टायरच्या भिंतीत गेला, भिंतीचं पंक्चर, प्लगचा प्रश्नच नाही. स्टेपनी लावली, म्हणजे मागे एक गमबूट आणि एक चप्पल, दोघांची उंची वेगळी, पकड वेगळी. अशा अवस्थेत फोर-बाय-फोर लावायचं धाडस झालं नाही, टू-व्हीलवर काढायला गेलो आणि चपलेची बाजू जागेवर फिरत बसली. काकांना फोन केला. ते म्हणाले, 'बैल तर विकले ना म्या दिवाळीत, थांबा, ट्रॅक्टर पाठवतो.'

पंक्चर झालेल्या टायरच्या जागी नवा आणला तेव्हाच पाचवा पण आणून ठेवलाय, २१५/७५ आर १५, २०२५ चा, रिमशिवाय जिन्याखाली उभा आहे. झेटाचा एक काळा स्टील रिम कोणाकडे पडून असेल तर सांगा. डेंट नको, गंज चालेल, मृगाच्या आत पाहिजे.